मामांचं अभिप्रायदान

कोणीही, कधीही, कशाबद्दलही प्रश्न विचारावा आणि समोरच्यानं हातातलं काम बाजूला ठेवून त्याचं खरं, पूर्ण आणि मुद्देसूद उत्तर द्यावं, असा या जगात एकच माणूस शिल्लक असेल, तर तो माझ्या बायकोचा मामा. हा शोध मला माझ्याच एका शहाणपणामुळे लागला. माणिकपूरच्या एका दुकानात आम्ही मिक्सर बघायला गेलो होतो. दारातच एक मुलगी हातात टॅब घेऊन उभी. दोनच मिनिटं सर, छोटासा सर्व्हे आहे, म्हणाली. आता मी पडलो सावध माणूस. आमच्या ऑफिसात ‘ऑनलाइन फसवणूक आणि घ्यावयाची काळजी’ या विषयावर एक व्याख्यान झालं होतं, आणि मी त्यातला चहा होईपर्यंतचा भाग ऐकल्यामुळे घरात त्या विषयाचा तज्ज्ञ झालो होतो. तेव्हा नाव खरं सांगितलं, वय थोडं आवरतं घेतलं आणि मोबाइल नंबर मात्र खोटा द्यायचं ठरवलं. पण खोटा नंबर आयत्या वेळी सुचत नाही, हे त्या व्याख्यानात कोणी सांगितलं नव्हतं. निदान चहाच्या आधी तरी नाही. मुलगी बोट टॅबवर टेकवून माझ्याकडे बघतेय, बायको मिक्सरकडे बघतेय, आणि घाईघाईत माझ्या तोंडातून जे दहा आकडे बाहेर पडले ते होते मामांच्या नंबरचे. माझा सोडून तेवढाच एक नंबर मला पाठ आहे. बायकोचा पाठ नाही, हे वाक्य इथे लिहिलं नसतं तर बरं झालं असतं.

त्या सर्व्हेवाल्यांचा फोन दुसऱ्या कोणाला गेला असता तर त्यानं ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून दिला असता. मामांनी आधी फोन करणाऱ्याचं जेवण झालंय का ते विचारलं आणि मग म्हणाले, ते माझे भाचेजावई, आत्ता कामावर असतील, पण मला त्यांची सर्व माहिती आहे, विचारा. त्यांनी विचारलं आणि यांनी सांगितलं. माझ्या कमरेचा घेर, मी केसांना काय लावतो आणि न लावल्यास काय दिसतं, पोट सकाळी साफ होतं की दुपारपर्यंत वाट पाहावी लागते, आणि झोपेत घोरतो का. या शेवटच्या मुद्द्यावर मामांनी त्यांच्याकडे मी गणपतीला राहिलो होतो त्या रात्रीचा दाखलासुद्धा दिला. वर ‘तुमच्याकडे नंबर चुकीचा लिहिला गेलाय’ म्हणून माझा खरा नंबरही देऊन टाकला. पुढच्या आठवड्यात मला पोट कमी करण्याच्या तेलापासून घोरणं थांबवणाऱ्या उशीपर्यंत सगळ्यांचे फोन यायला लागले. मी तक्रार केली तर मामा मनापासून चकित झाले. “जावईबापू, खोटं सांगून त्यांची पाहणी बिघडवायची का?”

यामागे कारण होतं. मामा आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. शिकवायचे ते मधल्या वेळात. बाकी वेळ सरकारला काहीही मोजावंसं वाटलं की मास्तरांना उन्हात सोडायचं, अशी तेव्हा पद्धत होती आणि अजूनही आहे. जनगणना झाली, मतदारयाद्या झाल्या, पोलिओ झाला, शाळेबाहेरची पोरं झाली, गुरंढोरं झाली. मामा गास गावच्या वाड्यांमधून हिंडले, मिठागरांच्या कडेनं हिंडले, पुढेपुढे नालासोपाऱ्याच्या नव्या इमारतींचे जिने चढले, जिथे दार साखळीपुरतंच उघडतं आणि फटीतून अर्धा चेहरा ‘नंतर या’ म्हणतो. गेरूनं दारावर घातलेला नंबर घरमालकिणीनं त्यांच्या डोळ्यांदेखत ओल्या फडक्यानं पुसला होता. एकदा कुत्रा अंगावर सोडला होता, त्याची पोटरीवरची खूण मामा अजून दाखवतात. पण ते ज्या घराबद्दल सगळ्यात जास्त बोलतात ते मिठागराजवळचं एक कौलारू घर. तिथल्या म्हातारीनं यांना बघून आतून खुर्ची आणली आणि म्हणाली, “बसा मास्तर. पानी प्या आदी, मंग इचारा.” आणि विचारलेलं सगळं नीट सांगितलं, न विचारलेलंही सांगितलं. त्या दिवशी मामांनी ठरवलं की निवृत्त झाल्यावर आपल्या दारी जो कोणी प्रश्न घेऊन येईल त्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. फक्त तोवर प्रश्न दारी यायचे बंद होऊन मोबाइलवर यायला लागले होते. मामांच्या दृष्टीनं त्यानं काही फरक पडत नव्हता. मोबाइल वाजला, म्हणजे कोणीतरी उन्हात उभं आहे.

मामी गेल्यापासून मामा विरारला चंदनसारच्या फ्लॅटमध्ये एकटेच असतात. मूलबाळ नाही, तेव्हा जवळची माणसं म्हणजे आम्हीच. बघावं तेव्हा ते कुठलीतरी पाहणी भरत असतात, आणि बसून नाही, चालत. कानामागे पेन्सिल, हातात फोन, गॅलरीपासून स्वयंपाकघरापर्यंत आणि परत. खालच्या मजल्यावरच्यांना म्हणे आवाजावरून कळतं की आज साबणाचा सर्व्हे आहे की विम्याचा. विम्याला पावलं जड पडतात. बिस्किटांची पाहणी आली तेव्हा त्यांनी सगळ्या जातीचे पुडे आणून प्रत्येकातलं एकेक बिस्कीट चहात बुडवून किती वेळ टिकतं ते पाहिलं होतं. विमानप्रवासाची आली, तेव्हा कधीच विमानात न बसलेल्या या माणसानं का बसलो नाही याचं सविस्तर उत्तर लिहिलं. या पाहण्यांबद्दल गुण जमतात आणि त्यांवर वस्तू मिळतात, पण मामांनी एकही वस्तू घेतलेली नाही. माहितीचा मोबदला घ्यायचा नसतो, म्हणतात. एक ते पाचमध्ये गुण देण्याची सवय मात्र इतकी अंगात भिनली, की आमच्या घरच्या सत्यनारायणाला त्यांनी शिऱ्याला चार आणि गुरुजींना दोन दिले होते, आणि तेही गुरुजी शिरा खात असताना.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढे तिलाच महत्त्व आलं. आपण सगळे मोबाइलवर काही उघडलं की खाली ‘मला मान्य आहे’ असं असतं ते डोळा लवतो तितक्या सहज दाबतो. मला वाटतं, ते न वाचता दाबायचं असा घटनेतच नियम असावा. मामा ते वाचतात. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मोठ्यानं, भिंग घेऊन, आणि इंग्रजी असेल तर जवळ शब्दकोश ठेवून. न वाचता मी हजेरीपटावरही सही केली नाही, असं त्यांचं म्हणणं. गंमत म्हणजे एवढं वाचून मग ते मान्यच करतात. आपण काय देतोय हे या माणसाला तंतोतंत माहीत असतं, आणि तरी तो ते देतो.

आपलं दिलं तर एक वेळ ठीक. एकदा पाहणीत ‘आपल्या शेजाऱ्यांकडे कोणतं वॉशिंग मशीन आहे’ असं आलं. मामा पेन्सिल घेऊन मजल्यावरच्या प्रत्येक दारात गेले. लोकांना वाटलं मास्तरांना मशीन घ्यायचंय, त्यांनी कौतुकानं सांगितलं. त्याच बैठकीत कोण मे महिन्यात गावाला जातं आणि घर किती दिवस बंद असतं हेही मामांना पाठ होतं, तेही प्रश्न आल्याबरोबर त्यांनी देऊन टाकलं. मग मजल्यावरच्या लोकांना अनोळखी माणसं नाव घेऊन फोन करू लागली, तुमचं मशीन जुनं झालंय ना ताई, म्हणून. सोसायटीनं फळ्यावर सूचना लावली की काही ज्येष्ठ सभासदांनी इतरांची माहिती परस्पर देऊ नये. मामांनी ती सूचना उभं राहून वाचली आणि सेक्रेटरींना सांगितलं, तीन. भाषा चांगली आहे, पण मुद्दा मोघम आहे.

तर अशा या माणसाची काळजी करायचं काम आमच्या घरात बायकोकडे आहे, आणि सूचना द्यायचं काम माझ्याकडे. मामांचा फोन लागला नाही की ती येरझाऱ्या घालते, भाजीत दोनदा मीठ पडतं, गॅसवरचं दूध उतू जातं आणि मी काही बोललो तर तेही माझ्यामुळेच गेलेलं असतं. दर रविवारी सकाळी आमचा त्यांना फोन असतो. मी फोन लावतो, ओटीपी कोणाला द्यायचा नाही, आधार कार्डाचा फोटो पाठवायचा नाही, एवढं खडसावतो, मग जिव्हाळ्यानं ‘काय मामा, कसे आहात? छान ना? घ्या, शैलाशी बोला’ म्हणतो आणि फोन बायकोच्या हातात देतो. एका दमात काळजीही होते आणि प्रेमही होतं.

मध्यंतरी बायकोच्या कानावर आलं की मामांना रोज दुपारी एका मुलीचा फोन येतो. ज्येष्ठ नागरिकांच्या राहणीमानाची पाहणी चालू आहे म्हणे. फार गुणी मुलगी आहे, मामा सांगत होते, घाई करत नाही, मधे तोडत नाही. एकट्यासाठी कुकर लावायचा कंटाळा येतो का विचारते. झोप लागते का विचारते. बायकोनं हे मला सांगितलं. मी पेपर वाचत होतो. झोपेत काय फसवणूक असणार, असं म्हणून मी पान उलटलं.

पुढचा शनिवार. मला सुट्टी होती, नुकतं पान वाढलं होतं. बायकोनं मामांना सहज फोन केला, तर ते म्हणाले, “ठेव, ठेव शैले, त्या मुलीचा फोन यायचाय. आज शेवटचा टप्पा आहे. पासबुक आणि आधार घेऊन बसलोय. ती एक ॲप टाकायला सांगणार आहे, त्यात माझा फोन तिला तिकडे दिसतो, मग तीच भरून घेते.” आणि खरंच ठेवला. बायकोनं लगेच परत लावला तर बिझी. पुन्हा बिझी. हातातला वरणभाताचा घास मी ताटात परत ठेवला, कारण चहाच्या आधीच्या भागात मी हे ऐकलेलं होतं. फोन दुसऱ्याला दिसायला लागला की बँकेचा ओटीपीही दिसतो. मामांची पेन्शन, मामीच्या दुखण्यातून उरलेलं होतं नव्हतं ते, सगळं त्या एका खात्यात.

हात धुतले की नाही आठवत नाही. स्कूटरला किक मारली, ती मागे बसली आणि आम्ही निघालो. अंबाडी रोडचा पूल चढून पूर्वेला उतरलो, तिथून नालासोपारा, आणि पुढे विरार. एरवी हा रस्ता मला एवढा लांब कधी वाटला नव्हता. मागून बायको एका हातानं माझा शर्ट धरून दुसऱ्या हातानं फोन लावतेय, आणि दर खड्ड्यागणिक मला अहवाल देतेय. बिझी. अजून बिझी. अहो, तिकडून नका, तिकडे बाजार आहे. मी तिकडूनच गेलो, आणि बाजार होता. एका रिक्षावाल्यानं मला उद्देशून असं काही म्हटलं की ते बायकोनं ऐकलं नसावं अशी मी आशा करतो. जिने चढून धापा टाकत वर पोचलो. मामांचं दार दिवसा उघडंच असतं. आत मामा गॅलरीकडून स्वयंपाकघराकडे निघालेले, फोन स्पीकरवर, दुसऱ्या हातात भिंग.

“कलम सात,” मामा म्हणत होते, “इथे थर्ड पार्टी असं लिहिलंय. आपण तर दोघंच आहोत. ही तिसरी कोण?”

पलीकडून त्या मुलीचा आवाज आला, आणि तो आवाज थकलेला होता. “काका, ते सगळं वाचायचं नसतं हो. खाली ॲग्री आहे ना, ते दाबा फक्त.”

“घाई करू नकोस बेटा. पाहणी करणाऱ्यानं घाई केली की चुका होतात.”

अजून दाबलं नव्हतं. अटींची सहा कलमं त्या गुणी मुलीनं मामांबरोबर शब्दकोशासकट काढली होती, आणि बँकेपर्यंत पोचायला अजून बराच पल्ला होता. खरं तर तिथे पाणी पिऊन शांतपणे फोन बंद करण्याखेरीज मला काहीच करायचं नव्हतं. पण एवढ्या लांबून आलो होतो. मी फोन हिसकावला आणि स्पीकरवरच त्या मुलीला तोंडाला येईल ते बोलायला लागलो. ती काही चिडली नाही. सर आपण कोण, तिनं विचारलं. मी कोण म्हणजे, मी त्यांचा भाचेजावई, असं ठणकावून मी माझं पूर्ण नाव सांगितलं. राहता कुठे सर, तर म्हटलं माणिकपूरला, चर्चच्या मागच्या गल्लीत, दुसरा मजला, हिंमत असेल तर या, संध्याकाळी सातनंतर मी घरीच असतो. मी पिनकोड सांगायच्या बेतात होतो, तेवढ्यात बायकोनं माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि बंद केला.

मामा माझ्याकडे बघत उभे होते. असे रागावलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दारात आलेल्या पोरीशी असं बोलतात का, म्हणाले. मग आत जाऊन आमच्यासाठी पाण्याचे दोन तांबे घेऊन आले, कारण राग वेगळा आणि पाणी वेगळं. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. ही पाहणी नव्हतीच मामा, संस्था नाही, काही नाही, हे लोक आधी गोड बोलून घरातलं सगळं काढून घेतात, मग शेवटी ॲप. मामांनी ते वर्गातल्या हुशार मुलासारखं, मान हलवत, मधे न बोलता ऐकलं. पासबुकावरून हात फिरवत राहिले. मला वाटलं आता बँकेचं विचारतील.

“म्हणजे ती लिहून घेत नव्हती?” मामा म्हणाले.

मला पटकन उमगलं नाही. ते बायकोकडे वळले. “शैले, रात्री जाग आली ना, की मी हजेरी घेतो. जुन्या वर्गाची. एक नंबरपासून. कधी कधी पोरं संपायच्या आत झोप लागते. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं म्हणून सांगितलं. मला वाटलं, असे आणखी म्हातारे असतील, त्यांच्या उपयोगी पडेल, कुठेतरी नोंद होईल. म्हणजे ते कुठेच गेलं नाही?”

गेलं मामा, म्हटलं, तेच तर सांगतोय, नको तिथे गेलं.

“ते बँकेचं,” मामा म्हणाले. “झोपेचं कोण नेतंय.”

सोमवारी मी रजा काढून त्यांच्याबरोबर बँकेत गेलो, जे काही बदलायचं आणि बंद करायचं होतं ते केलं. फोनमधली सगळी पाहण्यांची ॲप्स काढून टाकली. नंबर साठवलेल्या माणसांचेच फोन वाजतील अशी व्यवस्था केली, ती करताना माझाच नंबर आधी बंद झाला, तो परत चालू केला. मामा शेजारी बसून सगळं बघत होते. काहीही विचारलं नाही. निघताना मी गंमत म्हणून म्हटलं, काय मामा, आजच्या कामगिरीला एक ते पाचमध्ये किती? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, असू दे जावईबापू, चांगलं केलंत. मला तीन जरी दिले असते तरी बरं वाटलं असतं.

तेव्हापासून आमच्याकडे थोडी शांतता आहे, आणि मला मात्र उगीच अस्वस्थ वाटतं. घोरण्याच्या उशीवाल्यांचे फोन कमी झालेत. ती मुलगी अधूनमधून मला फोन करते, माझा नंबर मामांनी तिला कधीच देऊन टाकला असणार, आणि माणिकपूरचं काय चाललंय विचारते, तो नंबर मी ब्लॉक करतो, मग ती दुसऱ्या नंबरवरून करते. चंदनसारच्या खालच्या मजल्यावरच्या बाई बायकोला भेटल्या होत्या, म्हणाल्या, मास्तर आजारी आहेत का, वर चालण्याचा आवाज येत नाही. परवाच्या रविवारी मी नेहमीप्रमाणे फोन लावला, कसे आहात मामा, छान ना, म्हटलं आणि फोन बायकोकडे दिला. ती बराच वेळ नुसती ऐकत होती. फोन ठेवल्यावर मी तिला म्हटलं, बघ, आता काही धोका नाही, आता त्यांना कोणी काही विचारत नाही.

बायकोनं फोन पदराला पुसला आणि टेबलावर ठेवला. “चोर होती ती, मान्य,” ती म्हणाली. “पण विचारलं, की उत्तर संपेपर्यंत फोन कानाला धरून बसायची. तुमच्याकडून फोन माझ्या हातात येतो ना, तेव्हा मामा अजून तुमच्याच ‘कसे आहात’चं उत्तर देत असतो.”